गप्प राहण्याचा पगार

घरात तिला टकळी म्हणत. शाळेच्या दाखल्यावर चारचौघांत शोभेल असं चांगलं नाव होतं, पण ते दाखल्यावरच राहिलं. वर्षाची व्हायच्या आधी ती बोलायला लागली, आणि त्यानंतर कधी थांबल्याचं कुणाला आठवत नव्हतं. शाळेत तिची जागा बदलता बदलता सगळा वर्ग पालथा घालून झाला. शेवटी तिला एकटीला भिंतीशी बसवलं, तर ती भिंतीवरच्या पालीशी बोलायला लागली.

पण त्या पालीच्या गोष्टीत हसण्यासारखं जेवढं होतं तेवढंच खरंही होतं. टकळीला माणसांपेक्षा जनावरांचं वेड जास्त. पाल शेपटी कशी टाकते, ती परत कशी येते, कबूतर अंड्यावर बसताना आधी पायानं ते कसं फिरवतं, हे सगळं तिनं तासन्‌तास बघितलेलं असायचं. फक्त बघत असताना तोंडही चालू असायचं, एवढंच.

दहावी झाली आणि शहराच्या प्राणिसंग्रहालयानं जाहीर केलं, की वन्यजीव वाचवण्याच्या कामात रस असलेल्या मुलामुलींना वर्षभर उमेदवारीवर घेणार, काम शिकवणार आणि वर पगारही देणार. टकळीनं त्याच दिवशी अर्ज केला. मुलाखतीत तिघांपैकी एकानं विचारलं, "तुला इथं का यावंसं वाटतं?" तिनं सांगायला सुरुवात केली. तिघांपुढचा चहा गार झाला, त्यावर साय धरली, तरी तिचं सांगून होईना. शेवटी टोकाला बसलेल्या, पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या, "दुसरा प्रश्न विचारायला जागा मिळेल का आम्हाला?" सगळे हसले. टकळी बाहेर आली ती डोळ्यांत पाणी घेऊन. आपल्याच तोंडानं आपण संधी घालवली, अशी तिची खात्री झाली. पण निवड झालेल्या तिघांत तिचं नाव होतं.

त्या रविवारी मामा आला. मामा विमा विकायचा, त्यामुळे कुठल्याही गोष्टीत पुढचा धोका त्याला आधी दिसायचा. तो म्हणाला, "ताई, अगं पोरीला पिंजरे झाडायला पाठवतेस? आणि पुढं काय?"

आई शहरातली बस चालवायची. दिवसभर गर्दीशी बोलून बोलून तिचा आवाज असा झाला होता, की ती घरात हळू बोलली तरी शेजारी ऐकू जायचं. ती म्हणाली, "पुढचं पुढं. तू सोळाव्या वर्षी काय करत होतास, सांगू का हिला?"

मामानं चहाच्या कपात नाक घातलं.

बाबा पुढच्या खोलीत शिवणकाम करायचे. मशीन न थांबवता ते म्हणाले, "जाऊ दे तिला. घरी राहिली तर आपले कान जातील."

तर टकळी कामाला लागली. मनात वाघ-सिंह होते, पण वाट्याला बादल्या आल्या. फळं चिरायची, घमेली घासायची, हौदातलं शेवाळ खरवडायचं. तिच्याबरोबर आणखी दोन मुलं होती. एक लंबू, तो दारातून वाकूनच आत यायचा. दुसरी एक गोल चेहऱ्याची मुलगी, तिला पिसाचा वास आला तरी सटासट शिंका यायच्या, म्हणून तिला सगळे शिंकरी म्हणायला लागले. तिघांची छान गट्टी जमली. बोलायचं काम अर्थातच एकीकडे होतं.

मुलाखतीतल्या पांढऱ्या केसांच्या बाई पक्षी विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. एका सकाळी त्यांनी टकळीला बोलावलं. टेबलावर उबवणीची पेटी होती आणि पेटीत एक मोठं, करड्या ठिपक्यांचं अंडं.

"क्रौंचाचं आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "आपल्या जोडीनं दोन घातली. पण पिल्लं लहान असताना एकमेकांना चोची मारतात, थोरलं धाकट्याला जगू देत नाही. म्हणून हे दुसरं आपण वाढवायचं. इथं ठेवायला नाही. पलीकडच्या दलदलीत पूर्वी यांचे थवे असायचे, आता मोजके उरलेत. त्यांच्यात सोडायचं."

टकळीचे डोळे चमकले. "मी काय करू? मी त्याला खायला घालीन, मी रोज त्याच्याशी..."

"तेच नाही करायचं." मोठ्या बाईंनी हात वर केला. "पिल्लू डोळे उघडल्यावर ज्याला बघतं, ज्याचा आवाज ऐकतं, त्याला आपलं मानतं. माणसाला आपलं मानलेला क्रौंच जंगलात जगत नाही. तो रस्त्यावर येतो, कुत्र्यासमोर जातो, बंदूकवाल्याच्या अंगणात उतरतो. म्हणून त्याला माणसाचा चेहरा दिसता कामा नये आणि माणसाचा शब्द कानावर पडता कामा नये. एकही नाही. अंगभर झगा, तोंडावर जाळी, हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली. दिवसभर."

टकळी हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही मला ओळखता ना?"

"ओळखते. पण माझी नेहमीची मदतनीस बाळंतपणाच्या रजेवर आहे. लंबूचे गुडघे झग्याबाहेर येतात. आणि शिंकरीची एक शिंक म्हणजे संपलंच सगळं." मोठ्या बाईंच्या डोळ्यांत हसू होतं, पण आवाजात नव्हतं. "शिवाय त्या दिवशी तू जखमी पारवा धरला होतास. तुझे हात घाई करत नाहीत. तोंड करतं. तेवढं सांभाळ."

घरी ही बातमी सांगितली तेव्हा बाबांनी मशीन थांबवलं, असं क्वचितच व्हायचं. आई आणि बाबा एकमेकांकडे बघत राहिले आणि मग आई जी हसत सुटली ती डोळे पुसेपर्यंत. "म्हणजे गप्प राहण्याचा पगार देणार तुला? इतकी वर्षं आम्ही फुकट मागत होतो!"

झगा तिच्या पायात येत होता. बाबांनी तो मांडीवर घेऊन खालून दुमडला. "क्रौंचाचा झगा पहिल्यांदाच हाताखाली आलाय," ते टाचण्या तोंडात धरून म्हणाले. "माप कुणाचं घेऊ, तुझं का त्याचं?"

पिल्लू अंड्यातून बाहेर आलं तेव्हा ओल्या कापसाच्या बोळ्यासारखं होतं, रंगानं तांबूस, पायच पाय. टकळी झग्यात घामानं निथळत गुडघ्यावर बसली होती. झग्याखाली कमरेला एक लहान यंत्र बांधलेलं. बटण दाबलं की मोठ्या क्रौंचाचा मायेचा घुर्र-घुर्र आवाज यायचा. तिनं बाहुलीच्या चोचीत अळी धरून पुढे केली. पिल्लानं मान डोलवली, पडलं, उठलं, परत पडलं. टकळीच्या जिभेवर किती शब्द आले! अगं माझी बाय ती, ऊठ, ऊठ, इकडं बघ. ते सगळे तिनं गिळले. पिल्लानं तिसऱ्यांदा मान वर करून अळी ओढून घेतली, तेव्हा तिनं जाळीच्या आत स्वतःचाच ओठ दातांत धरला होता.

पुढं पिल्लू तिच्या मागंमागं चालायला लागलं. ती बाहुलीच्या चोचीनं गवत उकरायची, पिल्लू उकरायचं. ती चोच पाण्यात बुडवायची, पिल्लू बुडवायचं आणि नाकात पाणी गेलं की मान झटकायचं. ती कुंपणाच्या कडेनं पळायची, पिल्लू काटकुळ्या पायांनी मागं. गप्प राहणं हळूहळू तिला जड जाईनासं झालं. बोलत असताना जे दिसत नव्हतं ते दिसायला लागलं. भूक लागली की पिल्लू पाय कसे आखडतं, घार वरून गेली की एका डोळ्यानं कसं आभाळ बघतं, झोप आली की आधी कुठला पाय वर घेतं.

त्याची भरपाई मात्र घरी व्हायची. संध्याकाळी दारातून पाऊल आत पडलं की धरण फुटायचं. जेवताना पिल्लू, भांडी घासताना पिल्लू, दात घासताना तोंडात फेस असतानाही पिल्लूच. पिल्लाला नाव ठेवायचं नाही असा नियम होता, म्हणून घरातही सगळे नुसतं "ते" म्हणायला लागले. कामावरून आल्यावर आई विचारायची, "आज ते पोहलं का?"

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग तो दिवस आला.

पिल्लू आता तिच्या कमरेएवढं झालं होतं. दोघं जाळीच्या कुंपणातल्या तळ्याच्या कडेला होती. टकळी बाहुलीनं पाण्यातली गोगलगाय दाखवत होती आणि तिचा पाय शेवाळावरून सरकला. क्षणात ती कमरेएवढ्या पाण्यात आडवी. झगा फुगून वर आला, डोक्यावरचं टोपरं जाळीसकट मागं गेलं. नाकातोंडात पाणी. किंकाळी अगदी घशापर्यंत आली होती. ती तिनं तिथंच आवळली, कशी ते तिचं तिलाही कळलं नाही. ती धडपडत उभी राहिली, केस चेहऱ्यावर चिकटलेले, आणि वर बघते तर पिल्लू काठावर उभं. मान तिरकी करून, एका डोळ्यानं, तिच्या उघड्या चेहऱ्याकडं बघत.

तिनं टोपरं ओढलं, बटण दाबलं, यंत्रात पाणी गेलेलं. आवाज नाही. तशीच बाहुली पुढे धरून ती त्याला त्याच्या रात्रीच्या पिंजऱ्यात घेऊन गेली आणि दार लावून थेट मोठ्या बाईंकडं.

"बाई, मी पडले. त्यानं माझा चेहरा बघितला."

तिच्या अंगावरून पाणी गळत होतं. मोठ्या बाईंनी आधी खांद्यावरचा पंचा तिला दिला. "ओरडलीस?"

"नाही."

"लागलं कुठं?"

"नाही. बाई, आता ते माणसाळेल का?"

खोटं बोलून धीर द्यायची त्यांना सवय नव्हती. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "एवढ्यानं बिघडतंच असं नाही, आणि बिघडणारच नाही असंही नाही. सोडायच्या आधी परीक्षा असते. घोडामैदान जवळच आहे. तोवर आपण आपलं काम करायचं."

त्या संध्याकाळी टकळी घरी आली, पायातलं काढलं आणि गप्प बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बाबांना करमेना. त्यांनी न विचारता टोपऱ्याला हनुवटीखालून पक्का बंद शिवला, दोनदा ओढून बघितला आणि घडी करून तिच्या पिशवीत ठेवला.

आईची रीत वेगळी होती. तिनं लेकीला आपल्या बसमध्ये बसवलं. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली, आईनं इंजिन बंद केलं आणि मागं वळून म्हणाली, "आता बोल. घरात तुझा आवाज नाही तर मला वाटतं कुणाकडं तरी चुकून शिरले."

टकळीनं सांगितलं. सांगता सांगता रडली. "आई, ते माझ्यामुळं आयुष्यभर पिंजऱ्यात राहिलं तर?"

आई म्हणाली, "नवीन असताना मी बस थेट थांब्याच्या खांबावर घातली होती. सगळ्या बायका आत किंचाळल्या. मला वाटलं, संपलं. आता कुणी मला चाक हातात देणार नाही."

"मग?"

"मग काय, खांब सरळ केला त्यांनी आणि मला परत पाठवलं. पण मधले दिवस फार वाईट गेले गं. ते कुणाला चुकत नाहीत." तिनं लेकीचे केस कानामागं केले. "मला तुझ्या पिल्लाचं काही कळत नाही. पण तू किंकाळी गिळलीस, हे मला अजून खरं वाटत नाही. तू!"

टकळीला रडताना हसू आलं. पण रात्री झोप काही लागेना.

परीक्षेचा दिवस उजाडला. पिल्लू आता पिल्लू राहिलं नव्हतं. मान लांब, पाय काळे, अंगावर करडी पिसं, पंख पसरले की बघणाऱ्यानं मागं सरावं. परीक्षा अशी, की नेहमीच्या कपड्यांतल्या माणसानं आरडाओरडा करत, डबा वाजवत त्याच्यावर चालून जायचं. ते घाबरून पळालं तर पास. जवळ आलं, खाऊसाठी चोच पुढं केली, तर त्याला इथंच ठेवायचं.

प्राणिसंग्रहालयाचे डॉक्टर जाळीबाहेर उभे होते. लंबू आणि शिंकरीही आली होती. शिंकरीनं नाकाला रुमाल बांधला होता. मोठ्या बाईंनी एक पत्र्याचा डबा आणि पळी टकळीच्या हातात दिली.

"मी?" टकळीनं डबा परत पुढं केला. "बाई, दुसरं कुणी..."

"त्यानं बघितलेला चेहरा तुझा आहे. दुसऱ्या कुणाला घाबरून काय उपयोग?"

ती आत शिरली. झगा नाही, जाळी नाही. तिला उघडं-उघडं वाटत होतं. क्रौंच तळ्याच्या पलीकडं चरत होता. त्यानं मान वर केली. टकळीनं तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. जन्मात पहिल्यांदा तिला बोलायला सांगितलं होतं, आणि ती डबा धरून नुसती उभी.

क्रौंचानं मान तिरकी केली. तोच डोळा. त्यानं एक पाऊल तिच्या दिशेनं टाकलं. मग दुसरं.

जाळीबाहेर कुणीतरी श्वास आत ओढला. नको, ती मनात म्हणाली, नको रे, इकडं नको येऊ. आणि मग ते मनातलंच तोंडातून बाहेर पडलं. "नको येऊ! जा! जा म्हणते ना!" तिनं डबा बडवला. "पळ! मी माणूस आहे! पळ!"

क्रौंच जागच्या जागी उडाला. पंख ताडकन उघडले, पाण्याचे शिंतोडे उडाले, आणि तो पळाला. मान ताठ, पाय लांब टाकत, घशातून कर्कश ओरडत. टकळी मागं धावली. थांबायचं नव्हतं, तसं सांगितलेलं होतं. ती रडत होती, ओरडत होती, डबा बडवत होती, आणि तो तिच्यापासून लांब, आणखी लांब जात होता. तळ्याकाठच्या बोरूच्या गवतात घुसला आणि दिसेनासा झाला. ती वळणावर आली की पलीकडून धोक्याची हाक यायची आणि बोरू हलायचे. ती दुसऱ्या बाजूनं गेली, तो पहिल्या बाजूला गेला. काही केल्या जवळ येईना.

"पुरे," मोठ्या बाई ओरडल्या. "पुरे, पोरी, पुरे!"

टकळी होती तिथं चिखलात बसली. तिचा जीव भांड्यात पडला. ज्याला तिनं चोचीनं भरवलं, चालायला शिकवलं, तो तिला भूत बघितल्यासारखा घाबरला होता. असा आनंद तिला उभ्या आयुष्यात झाला नव्हता. मोठ्या बाई आत आल्या आणि पांढरी साडी चिखलात भरवत तिच्याशेजारी बसल्या. काही वेळ दोघी नुसत्या हसत होत्या.

"पण ते आधी पुढं का आलं?" टकळीनं नाक पुसत विचारलं.

"काय आहे ते बघायला. सगळ्याच जनावरांना बघावं लागतं. बघितलं, आणि ठरवलं." मोठ्या बाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "शिवाय तू नुसती उभी होतीस. खांबाला कोण घाबरतं?"

जाळीबाहेर शिंकरीला रुमालातल्या रुमालात सलग शिंका आल्या. डॉक्टर म्हणाले, "पास," आणि चष्मा पुसायला लागले.

सोडायला दलदलीवर गेले तेव्हा टकळी शेवटचं झग्यात होती. खोक्याचं दार उघडलं. पायात ओळखीची कडी घातलेला क्रौंच बाहेर आला, ऊन अंगावर घेत उभा राहिला. लांब पाण्यात मोठे क्रौंच चरत होते. तिनं बाहुलीची चोच एकदा पाण्यात बुडवली. त्यानंही बुडवली. मग पलीकडून कुणीतरी साद घातली आणि तो तिकडं चालायला लागला, थोडा चालत, थोडा उडत. मागं वळून त्यानं बघितलं नाही, आणि तिला ते हवंच होतं. तरी परतीच्या गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसली.

घरी आईनं विचारलं, "गेलं?"

"गेलं."

"मग आता?"

"आता कासवं," टकळी म्हणाली. "ती तळ्यातली मोठी. त्यांच्याशी बोललेलं चालतं." आणि जेवायला बसल्यावर तिनं कासवांबद्दल जे सुरू केलं, ते ऐकून मामा, जो त्या दिवशी नेमका आला होता, दुसरी भाकरी घ्यायचीही विसरला. निघताना तो आईला हळूच म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी पण घेणार आहेत का मुलं? माझ्या धाकट्याला विचारावं म्हणतो."

काही आठवड्यांनी दुपारी टकळी कासवांच्या हौदात गुडघाभर पाण्यात उभी राहून ब्रशनं भिंत घासत होती. मोठ्या बाई फोन कानाला लावूनच आल्या. दलदलीवरचा राखणदार बोलत होता. त्यांनी फोन तिच्याकडं धरला.

"तो तुमचा पायात कडी असलेला," राखणदार म्हणाला, "थव्यात मिसळलाय हो. आज सकाळी कोळी होडी घेऊन आला, तर सगळ्यांत आधी हाच उडाला. भारी भित्रा आहे बघा."

"खरंच? भित्रा आहे? कितपत भित्रा आहे? म्हणजे होडी किती लांब होती? एकटा उडाला का सगळ्यांना घेऊन? खातो का नीट? आणि झोपताना कुठल्या पायावर..."

राखणदार बिचारा उत्तरं देत राहिला. मोठ्या बाई हौदाच्या कठड्यावर बसल्या. आपला फोन आता लवकर काही परत मिळत नाही, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी ब्रश उचलला आणि उरलेली भिंत स्वतःच घासायला घेतली.